अवो, पोरांना पाकिटं वाटली म्हणे!

ऐकलंत का? थांबा, आधी बसा. उभ्याउभ्या सांगण्याजोगी गोष्ट नाही ही.

आमच्या मागच्या गल्लीतल्या वहिनींनी पोरांना पाकिटं वाटली. वर रुपया चिकटवलेली आहेराची नव्हेत हो, साधी पांढरी. प्रत्येकावर नाव, नावाखाली तारीख आणि तारखेखाली लाल शाईनं एकच शब्द: वरखर्च. आत पाचशे रुपये. थोरल्याला पाचशे, धाकटीला पाचशे, आणि कान जरा इकडे करा, नवऱ्यालाही पाचशे! वर वहीत सही घेतली. नवऱ्याच्या पाकिटातून हळूच नोट काढणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात, त्यातली एक आमच्याच घरी राहते. पण नवऱ्याला पाकीट देऊन सही घेणारी ही पहिलीच.

कशासाठी? तर म्हणे सुट्टीत थीम पार्कला जायचंय आणि तिथं ‘लीकेज’ होऊ द्यायचं नाही. लीकेज! गळती म्हटलं की आम्हा भंडाऱ्याच्या लोकांना मामा तलावाची पाळ आठवते. आता बायका नवऱ्याच्या खिशाला पाळ बांधायला निघाल्या. वहिनींच्या सासूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “बांध बापा, बांध. पन पाळ जराशी झिरपली तरच खालची बांधी भिजते, हे बी ध्यानात ठेव.” त्यांचं कोण ऐकतं! त्या शहात्तर वर्षांच्या, आणि वहीत त्यांच्या नावाचा रकानाच नव्हता.

मला वाटलं, एका घरचं खूळ असेल, चार दिवसांत उतरेल. संध्याकाळी खांब तलावाकडे फिरायला गेले, तर तिथं तेच. पूर्वी या फेऱ्यांमध्ये सुना, गुडघे आणि टमाटरचे भाव एवढे तीन विषय असत. त्या दिवशी एक बाई दुसरीला सांगत होत्या, “आम्ही खाण्याचं वेगळं ठेवलं, राइडचं वेगळं, आणि आठवणींचं वेगळं.” आठवणींचं! आठवणी आता विकत मिळतात म्हणे, आणि त्यांनाही रकाना लागतो. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा निघाला, तेव्हा जिल्ह्याच्या वाटणीतही इतके रकाने कोणी आखले नसतील.

आपल्या लोकांत म्हण काय? हौसेला मोल नाही. आता हौसेचं मोल पैशासकट काढतात, त्याची बेरीज करतात आणि बेरजेखाली दोन रेघा मारतात. दोन रेघा, बाई! एक मारली असती तर मी काही बोलले नसते.

बरं, आपण काही फिरलोच नव्हतो असं नाही. गायमुखच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला गेलो, चांदपूरच्या हनुमानाला गेलो, रामटेकला गेलो, शेगावला तर इतक्या वेळा गेलो की झुणका-भाकर पाठ झाली. त्या प्रवासांचं बजेट एका वाक्यात मावायचं: “घरून डबा घ्या, आणि काही मागू नका.” पोरं मागायची, आपण डोळे वटारायचो, शेवटी कुल्फी मिळायची. संपला हिशेब.

माझ्या मते सगळं बिघडवलं ते दूरदर्शनवरच्या त्या जाहिरातीनं. गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं आणि घरी परत जायलाच तयार नसलेली पोरं आपल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर नाचू लागली. भंडाऱ्याहून गोराई म्हणजे जवळपास नऊशे किलोमीटर आणि वर एक होडी. त्यामुळे आपल्या पोरांनी ते घरात बसूनच पाहिलं, आणि घरात बसूनच घरी न जाण्याचा हट्ट धरला. आता तीच पोरं आईबाप झाली आहेत. एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंदही पडलं. पण तोवर खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका उघडलं होतं, हैदराबादला १९९६ पासून रामोजी फिल्म सिटी होतीच, २०१६ मध्ये तिथं वंडरलाही आलं, आणि नागपूरच्या आसपासची वॉटर पार्कं तर शाळेच्या सहलींनी घरची करून टाकली. तीस वर्षांपूर्वी न मिळालेली घसरगुंडी आता पोरांच्या नावावर खपवायची, असा हा सगळा कट आहे. पोरं निमित्त. नायट्रोसारख्या रोलर कोस्टरवर आधी कोण बसतं ते पाहा: बाप! आणि उतरल्यावर भिंत धरून उभा कोण राहतो, तेही पाहा.

पण मी म्हणते, जायचं तर जा ना! हिशेब कसला मांडता? आणि मांडता तर एका धर्तीचा मांडा. इथं तर चार पंथ झालेत.

पहिला पंथ कट्टेवाल्यांचा. आमचे साकोलीकडचे भाऊजी याच पंथातले. त्यांना रुपये दाखवले तर कळत नाहीत. त्यांना कट्टे सांगावे लागतात. खरेदी केंद्रावर धान मोजतात तो ४० किलोचा कट्टा. २०२५-२६ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. म्हणजे एक कट्टा ९४७ रुपये ६० पैशांचा. भाऊजींनी पुट्ठ्यावर कोळशानं हिशेब मांडला. एका माणसाचं पार्काचं तिकीट दीड ते दोन कट्टे, वार आणि हंगाम पाहून. हॉटेलची रात्र तीन कट्टे. पोरीनं मोठं टेडी बेअर मागितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “हे अस्वल नव्हे, पोरी, वीस किलो धान आहे. मांडीवर घेऊन बघ.” पोरीनं हात मागे घेतला. मला सांगा, इतक्या लहान वयात मुलाला हमीभाव कळावा का? भाऊजींच्या बायकोला विचारलं, तर त्या म्हणतात, कळावा. यांना काय बोलायचं!

दुसरा पंथ एक्सेलवाल्यांचा. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, वरठीच्या पोलाद कारखान्यात, गडेगावच्या गाड्यांच्या कारखान्यात, जिथं जिथं महिन्याच्या महिन्याला पगार होतो, तिथं तिथं हा पंथ फोफावला. यांच्या हिशेबाला रंग असतात. हिरवं म्हणजे बसलं, पिवळं म्हणजे ताणलं, लाल म्हणजे बायको बोलली. एका गृहस्थांनी ‘अनपेक्षित खर्च’ असा रकाना करून त्यात अपेक्षित रक्कम लिहिली. मी विचारलं, अपेक्षा केली तर तो अनपेक्षित कसा? ते म्हणाले, “वहिनी, हीच तर गंमत आहे.” मला काही गंमत दिसली नाही. मला चहा दिला असता तर कदाचित दिसली असती; पण तो त्या महिन्याच्या हिशेबात बसत नव्हता.

तिसरा पंथ भिशीवाल्यांचा, आणि खरी ताकद यांच्याच हातात. बारा जणी, बारा महिने, दरमहा एकीची चिठ्ठी निघते. आजवर या भिशीतून मिक्सर निघाले, पायल निघाल्या, पोराच्या शिकवणीची फी निघाली. आता चिठ्ठी निघते ती घसरगुंडीची. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये खात्यात येऊ लागले. भिशीतल्या एकीनं त्यांना सहा महिने हात लावला नाही, नऊ हजार झाले. मला वाटलं, आता ही मंगळसूत्राची वाटी बदलेल. ती म्हणाली, “नाही वं, मले रोलर कोस्टरवर बसाचं हाये. यांचे पैसे लागले असते तर यांनी ‘चक्कर येते तुले’ म्हणून खाली उभी केली असती. माये पैसे, माई चक्कर.” आता सांगा, काय वेळ आली आहे! बाईला स्वतःच्या पैशांची चक्कर हवी! मी घरी आले आणि पासबुक काढून पाहिलं. नुसतं पाहिलं हो.

चौथा पंथ ‘होईल ते होईल’वाल्यांचा. त्यांच्याबद्दल बोलत नाही. ते उधार मागायला आमच्याकडेच येतात.

आता वहिनींच्या वहीकडे परत येऊ. ती वही मी स्वतः चाळली. निषेध म्हणून. नीट निषेध करता यावा म्हणून तिची झेरॉक्सही काढून आणली.

पहिलं पान प्रवासाचं. नागपूरला माहेरी एक रात्र थांबून सासूबाईंना, म्हणजे पोरांच्या आजींना, तिथं सोडायचं, हा बेत. म्हणून पहिला टप्पा एसटीचा. पंच्याहत्तरी पार केलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटी फुकट, म्हणजे आजी शून्य. बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, म्हणजे वहिनी अर्ध्या. पोरं पाच ते बारातली, तीही अर्धी-अर्धी. पूर्ण तिकीट कोणाचं? बापाचं! पाच माणसं, अडीच तिकिटं. महामंडळाच्या लेखी या घरात पूर्ण माणूस एकच आहे, आणि घरात त्याला पाकीट मिळतं पाचशेचं.

दुसरा टप्पा रेल्वेचा. इथं खरी चिडचिड झाली. पोराला अर्धं तिकीट काढलं तर झोपायला जागा नाही; जागा हवी तर २०१६ पासून पैसे पूर्ण. वहिनींनी दोन रात्री विचार केला की दोन पोरं एका बर्थवर उलटसुलट झोपतील का. घरीच दिवाणावर रंगीत तालीम घेतली. धाकटीचा पाय थोरल्याच्या नाकात गेला आणि तालीम बंद पडली. शेवटी पूर्ण तिकिटं. तीही पहाटे गजर लावून, कारण १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठच दिवस आधी उघडतं. आधी एकशेवीस दिवस होते, तेव्हा भांडायलाही निवांत वेळ मिळायचा.

तिसरा टप्पा पार्काच्या दारातला. तिथं वयाला काही किंमत नाही. तिथं भिंतीवर पट्टी रंगवलेली असते. एसटी विचारते वय, रेल्वे विचारते बर्थ, पार्क विचारतं उंची. एका पोराचे एका प्रवासात तीन भाव! आमच्या शेजारच्या एका सज्जनानं मुलाला आठवडाभर मान आत घालून उभं राहायला शिकवलं. तेच सज्जन वर्षभर त्याला “ताठ बस” म्हणून ओरडत होते. आणि ऐन वेळी त्या पोरानं काय केलं? त्याला मोठ्यांच्या राइडवर बसायचं होतं. तो टाचा उंचावून उभा राहिला.

पण वहीतली सगळ्यात मोठी चूक परतीच्या ओळीत होती, आणि ती मलाच दिसली. परतीचा प्रवास मुंबईकडून विदर्भ एक्सप्रेसनं, उतरायचं भंडारा रोडला. वहिनींनी लिहिलं: ‘स्टेशन ते घर: ०’. आता भंडारा रोड स्टेशन भंडाऱ्यात असतं तर मी गप्प बसले असते. ते आहे वरठीला! सामान आणि पोरं घेऊन ऑटोवाल्याशी घासाघीस करायची ती वेगळीच. गावात शिरण्याआधीच हिशेब गळतो, तिथं पार्काला काय बोल लावायचा! वहिनींनी शून्यापुढे आकडे लिहिले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते स्टेशन मीच हलवलं.

मग आला तारखेचा प्रश्न. आपल्या विदर्भात उन्हाळा असा की शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात. तिकडं पुण्या-मुंबईची पोरं जूनच्या मध्याला दप्तर पाठीला लावतात. एक्सेलवाल्यांनी यातूनच सोनं काढलं: ती पोरं वर्गात, आपली पोरं मोकळी, पार्कात गर्दी कमी, हॉटेलं स्वस्त! मी मनातल्या मनात दाद दिली. पण हे कट्टेवाल्यांना ऐकवलं, तर भाऊजींनी कपाळावर हात मारला. जूनच्या मध्याला रोहिणी संपून मृग लागलेलं असतं; पऱ्हे टाकायची वेळ. तेव्हा शेतकरी पाण्याच्या घसरगुंडीवर कसा जाणार? तो आभाळाकडे तोंड करून पाण्याची वाट पाहत असतो. आणि खोपोलीकडे तेव्हा एवढा पाऊस की उंच पाळणे थांबवावे लागतात. पाणी जिथं फुकट हवं तिथं येत नाही, आणि जिथं पैसे देऊन घ्यायचं तिथं बदाबदा पडतं. स्वस्त तारीख आणि मोकळी तारीख एका घरात कधी नांदत नाहीत, सासू-सुनांसारख्या.

शेवटी गेले बापा मे महिन्यात. कुठल्या पार्कात ते मी सांगत नाही. सगळी दारं सारखीच. दारात पोरांच्या मनगटाला पट्टा बांधतात आणि सांगतात, आता सगळं त्यात आलं. ‘सगळं त्यात आलं’ हे वाक्य मी लग्नाच्या हॉलवाल्याकडून ऐकलेलं आहे. शेवटी जनरेटरचे वेगळे घेतले होते त्यानं.

तुम्हाला वाटेल, पट्ट्याची ही युक्ती आजची. छे! अमेरिकेत डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं, तेव्हा आत जायचे पैसे अगदी थोडे आणि प्रत्येक पाळण्याचे वेगळे. पुढे कुपनांची पुस्तकं मिळू लागली, ए कुपनावर साधी गंमत, सगळ्यात भारी गंमत ई कुपनावर. १९८२ मध्ये ती पुस्तकं गेली आणि दारातच सगळे पैसे घ्यायची रीत आली. दाराचे जास्त घ्यावे की पाळण्याचे, यावर वॉल्टर ओई नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये चक्क निबंध लिहिला, आणि शीर्षकात डिस्नेलँडचा पेच नि मिकी माऊसची मक्तेदारी दोन्ही घातले. विद्वान माणूस, पण बसला ना शेवटी पाळण्यांचा हिशेब करत! आमच्या भाऊबिजेनंतरच्या मंडईतल्या आकाशपाळण्यावाल्याला हा पेच कधी पडलाच नाही. तो दाराचे पैसे घेत नाही, कारण मंडईला दारच नसतं.

असो. पट्टा बांधला, आत शिरले, आणि आवळा देऊन कोहळा काढण्याचा कार्यक्रम सुरू झाला. घरची शंकरपाळी, चिवडा, आंब्याचं लोणचं असलेला डबा दारातच थांबला. पाण्यात उतरायला नायलॉनचे कपडे हवेत. वहिनींच्या सुती ड्रेसला मनाई. भाड्यानं मिळाले. अंगावरचे कपडे ठेवायला लॉकर, तोही भाड्यानं. लॉकरची अनामत वेगळी. मक्याचं कणीस घेतलं तर थोरला मोठ्यानं म्हणाला, “आई, एवढ्यात आपल्या इकडे सहा भुट्टे येतात!” मागची रांग वळून पाहू लागली. रांगेचं तर विचारूच नका. जास्त पैसे भरले की रांग टाळता येते, त्यालाही एक छानसं वेगवान नाव आहे. डिस्नेनं १९९९ मध्ये ही सोय फुकट दिली होती, २०२१ पासून पैसे लावले. आपल्याला यात नवल नाही. देवाच्या दारात पावती फाडून पुढे जायची सवय आहेच. पण देवळात निदान मागच्यांना वाईट वाटत नाही असं दाखवता येतं.

आणि उतरल्यावर फोटो! अगदी वरून कोसळताना गपकन काढलेला. आजवर आपण फोटोसाठी पैसे दिले ते चांगले दिसण्यासाठी. इथं तोंड वासल्याचे देतात. वहिनींच्या नवऱ्याचं पाकीट तिथंच रिकामं झालं. फोटोत चौघं आहेत, डोळे एकाचेही उघडे नाहीत, आणि वहिनींच्या हातात, कोसळतानासुद्धा, ती वही घट्ट धरलेली आहे. आता तो फोटो फ्रिजवर लावलाय. मी पाहिला. मला हसू आलं नाही असं मी वहिनींना सांगितलं.

धाकटीनं पाकीट पहिल्या तासात संपवलं. टोपी, चकाकणारा चष्मा आणि एक बुडबुड्यांची बाटली. मग तिनं दादाकडे उधार मागितलं. दादानं दिलं नाही. त्यानं काहीच घेतलं नाही. प्रत्येक दुकानात शिरायचा, किंमत उलटून पाहायचा, मनाशी भागाकार करायचा आणि बाहेर. वहिनी सगळ्यांना सांगत सुटल्या: “बघा, बजेट शिकला पोरगा!” एक्सेलवाल्यांनी त्याच्या नावापुढे हिरवा रंग भरायचा सल्ला दिला. कट्टेवाले भाऊजी म्हणाले, हा शेती करेल. मी म्हटलं, बाई, अकरा वर्षांचं पोर, पाचशे रुपये जपून परत आणतं, हे काही बरं लक्षण नाही. यालाच तर मी वाईट म्हणत होते पहिल्यापासून!

आता नोव्हेंबरचं ऐका. गोष्ट खरी तिथं आहे.

भाऊबीज झाली की आपल्या झाडीपट्टीत मंडया लागतात हे काय तुम्हाला सांगायचं! आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा दंडार, दुकानं, पाळणे, रात्री नाटक. ज्या रंगभूमीच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तिचं तिकीट काढून रात्रभर बसायचं आणि पहाटे डोळे चोळत घरी यायचं. आणि सरकारचा हिशेब पाहा: २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा पार्काच्या तिकिटाला २८ टक्के लावला, २०१८ च्या जानेवारीत १८ वर आणला; नाटकाचं तिकीट पाचशेपर्यंत असेल तर मात्र कर शून्य. म्हणजे घसरगुंडीवरून खाली यायला कर आहे, आणि खलनायक स्टेजवरून खाली कोसळला तर माफ! आजवर सरकारला मी बरंच बोलले, पण यापुढे थोडं कमी बोलेन.

मंडईत वरखर्च असतोच की! उलट मंडई म्हणजे वरखर्चच. पण तो पोराच्या हातात येतो कुठून? मामा दहा ठेवतो, मावशी वीस, आत्या “आईले सांगू नको” म्हणून पन्नास. दूरच्या नात्यातले आबाजी खिसे चाचपतात आणि नाणी काढतात. कोणी मांडून ठेवत नाही, आणि विसरतही कोणी नाही. कारण चार दिवसांनी आपल्या गावची मंडई, मग त्यांची पोरं आपल्या ओट्यावर. कुठली पावती नाही, कुठला पट्टा नाही, आणि आजवर एकाही घराचा हा हिशेब चुकलेला मी पाहिला नाही.

तर वहिनींचं माहेर नागपूरला गेलं असलं तरी मूळ गाव मोहाडीकडचं. तिथल्या मंडईला सगळे जमले. पोरं किती? माझ्या मोजणीत सात, गोंधळात आठ. आकाशपाळण्यापुढे घोळका उभा. सगळ्यांनी आधीच खाऊचे पैसे जिलेबीत उडवलेले, आणि पाळणा वर डोकं हलवत फिरतोय. तेवढ्यात आमचा थोरला खिशात हात घालतो आणि काय काढतो? पांढरं पाकीट! कोपरे मळलेले, घड्या पडलेल्या, वर लाल शाईनं ‘वरखर्च’ आणि खाली मे महिन्याची तारीख. आतली पाचशेची नोट तशीच करकरीत.

मग काय विचारता! सगळ्यांना पाळणा दोनदा. ऊस. भजे. शिंगाडे. धाकटीला पुन्हा एक बुडबुड्यांची बाटली, कारण पहिली केव्हाच संपली होती. मामेभावाला शिट्टी, जिच्यामुळे रात्री नाटकात पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी आम्हाला बोल लावला. आजीसाठी पानठेल्यावरून पान. मला, म्हणजे शेजारच्या काकूला, जी तिथं पाहुणी म्हणून गेली होती आणि जिनं सहा महिने त्याच्या आईचा निषेध केला होता, कागदात दोन जिलेब्या. तासाभरात पाकीट रिकामं. ज्या पोरानं पार्कात भुट्ट्याचा भागाकार केला, त्यानं मंडईत एकदाही किंमत विचारली नाही.

वहिनी आल्या तेव्हा तो पाळण्याच्या खाली उभा राहून बाकीच्यांची चक्कर मोजत होता. त्यांनी विचारलं, “हिशेब?” तो म्हणाला, “लिहिला नाही.” आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं.

मी श्वास रोखला. म्हटलं, आता मंडई बघण्यासारखी होणार. वहिनींनी पिशवीतून वही काढली. तीच वही. पानं उलटत मे महिन्यावर आल्या. थीम पार्क, चार माणसं, एकूण, दोन रेघा. त्या दोन रेघांच्या खाली ‘लीकेज’चा रकाना सहा महिने कोरा होता. त्यात त्यांनी पाचशे लिहिले.

शेजारी आजी पान चघळत होत्या. वहिनींनी वही मिटली. या वेळी सही कोणाचीच घेतली नाही.